लाल प्रोपोलिस, नॅनोकण आणि लीशमॅनियासिस

मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरून आणि सालींवरून राळ गोळा करतात, तिच्यात मेण मिसळतात आणि तिने पोळ्यातल्या फटी बुजवतात. ही राळ म्हणजे प्रोपोलिस. तिच्यामुळे पोळ्यात बुरशी आणि जिवाणू सहजी वाढत नाहीत. महाराष्ट्रातली सातेरी माशी ती सहसा गोळा करत नाही; युरोपीय मेलिफेरा माशी करते.

राळ कोणत्या झाडाची, यावर प्रोपोलिसचे गुण ठरतात. ईशान्य ब्राझीलमधील अलागोआस राज्यात खारफुटीच्या कडेने शिसवीच्या जवळच्या नात्यातले एक झुडूप वाढते. किड्यांनी पोखरलेल्या त्याच्या खोडातून लाल चीक पाझरतो आणि माश्या तो वेचतात. फॉर्मोनोनेटिनसारखी आयसोफ्लेव्होनॉइड संयुगे ही या लाल प्रोपोलिसची ओळख आहे. 2012 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

ब्राझीलमध्येच लीशमॅनियासिस हा परजीवी आजारही मोठ्या प्रमाणावर आढळतो. वाळूमाशीच्या चाव्यातून लीशमॅनिया हा एकपेशीय परजीवी शरीरात शिरतो. काही प्रकारांत त्वचेवर न भरणारे व्रण होतात; काहींत यकृत आणि प्लीहा सुजतात. या दुसऱ्या प्रकाराला भारतात काळा आजार म्हणतात आणि तो प्रामुख्याने बिहार-झारखंडच्या भागात दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 7 ते 10 लाख लोकांना लीशमॅनियासिसची नव्याने लागण होते. अँटिमनीची जुनी औषधे सुमारे 20 दिवस रोज टोचावी लागतात आणि हृदय व यकृताला त्रास देऊ शकतात. म्हणून नव्या औषधांचा शोध निकडीचा आहे.

प्रोपोलिसचा अर्क प्रयोगशाळेत या परजीवीला मारतो, पण तो मद्यार्कात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. त्यामुळे शरीरात त्याचा थोडाच अंश योग्य जागी पोहोचतो. इथे नॅनोकण उपयोगी पडतात. अर्क आणि शरीरात विघटन होणारा पॉलिमर ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून ते मिश्रण पाण्यात सोडतात. द्रावक उडून गेला की अर्क पोटात घेतलेले सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. 2016 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोन वापरून लाल प्रोपोलिसचे 200 ते 280 नॅनोमीटरचे कण बनवले; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा 10 लाखावा भाग.

या आजारात नॅनोकणांचा आणखी एक फायदा संभवतो. बाहेरून आलेले कण गिळणाऱ्या रक्षक पेशींना मॅक्रोफेज म्हणतात आणि लीशमॅनिया नेमका त्यांच्यातच लपतो. औषधाचा कण गिळणारी पेशी आपसूकच औषध परजीवीपर्यंत नेते. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाने हे तत्त्व रुग्णांवर सिद्ध केले आहे. मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या या औषधाचा किलोमागे 10 मिलिग्रॅमचा एकच डोस भारतात काळा आजारावर दिला जातो.

प्रोपोलिसचे नॅनोकण अजून त्या टप्प्यावर नाहीत. 2016 च्या प्रयोगात परजीवी मेले. मात्र ते वाळूमाशीच्या शरीरात आढळणाऱ्या शेपटीच्या अवस्थेतले होते. माणसाच्या पेशीत दडलेल्या गोल अवस्थेवरचा परिणाम, प्राण्यांवरील चाचण्या आणि मग रुग्णांवरील चाचण्या, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय झाड आणि हंगाम बदलला की प्रोपोलिसचे घटक बदलतात. प्रत्येक खेप सारखी ठेवण्यासाठी घटकांचे प्रमाण मोजून ठरवावे लागते. काहींना प्रोपोलिसची ॲलर्जीही असते. म्हणूनच बाजारातले प्रोपोलिसचे थेंब हा काळा आजारावरचा उपचार नव्हे. उपचारांशिवाय हा आजार बहुतेकदा जिवावर बेततो, आणि सिद्ध झालेली औषधे वेळेत घेतली तर तो बरा होतो.