अंगणातील बंब : त्याची जळणी, निगा व सरपण

मार्गशीर्ष लागला म्हणजे नागपूरकडे पहाटेची हवा बोचू लागते. दिनांक २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरास पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे पुष्कळांस स्मरत असेल. अशा दिवसांत स्नानाचे पाणी तापविणे हा घरातील पहिला उद्योग होऊन बसतो. वीज, गॅस व सूर्याच्या उन्हावर चालणारी साधने आता खेडोपाडी पोचली आहेत. तरीही ज्याच्या वावरात पऱ्हाटी आहे व धुऱ्यावर बाभूळ आहे, त्याच्या अंगणात तांब्याचा बंब अद्याप दृष्टीस पडतो. सरपण घरचे असल्यामुळे त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, व निगेचा विचार तर त्याहूनही कमी. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही गावी राहावयास आलो. त्या वर्षी पौषात थंडी फार पडली. पहाटे अंगणात जाणे जिवावर येई, म्हणून आम्ही बंब उचलून न्हाणीघरात नेला. धूर होऊ नये यासाठी तो बाहेर पेटवून, निखारे फुलल्यावर आत नेण्याची युक्ती काढली, व तिचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला. चौथ्या दिवशी सूनबाई स्नानास गेल्या. दार बंद, खिडकी थंडीमुळे बंद. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. हाक मारली तेव्हा क्षीण उत्तर आले. दार उघडून बाहेर आल्या तोच भोवळ येऊन उंबऱ्यावर बसल्या. डोके ठणकत होते, मळमळत होते. आम्ही पित्त समजून आले-लिंबू देत बसलो. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी न्हाणीघरातील निखारे पाहिले, त्यांना उघड्या हवेत आणविले आणि तत्काळ दवाखान्यात नेण्यास सांगितले. जीव वाचला, परंतु त्या दिवशी दार आणखी थोडा वेळ बंद राहते तर काय झाले असते, हा विचार आजही आमची झोप मोडतो.

याचे कारण असे. लाकूड किंवा कोळसा पुरेशा हवेवाचून जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील जो लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर आतल्या आत गुदमरते. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. लाल निखारा धूर करीत नाही, पण हा वायू सोडतोच. बंद न्हाणीघरातील गॅसचे गीझर आणि निजण्याच्या खोलीत ऊब मिळावी म्हणून ठेवलेली शेगडी यांसही हेच लागू आहे. वाडवडिलांनी बंब अंगणात ठेविला, तो केवळ भिंती काळ्या होऊ नयेत म्हणून नव्हे.

अमेरिका व कॅनडा या थंड मुलखांतही काही शेतकरी असेच करतात. घरापासून काही अंतरावर मोठी भट्टी बसवितात, तिच्या भोवती पाण्याची टाकी असते, व तापलेले पाणी जमिनीखालील नळांतून घरात खेळवून खोल्या उबदार ठेवितात. आग बाहेर व ऊब आत, हे तत्त्व आमच्या बंबाचेच होय. परंतु तेथेही ओले लाकूड कोंबून भट्टी धुमसत ठेवण्याची खोड जडली, शेजारी त्रासले, आणि २०१५ साली अमेरिकेच्या सरकारला अशा नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घालावी लागली. तात्पर्य, आग बाहेर नेली म्हणून काम संपत नाही. ती नीट जळली पाहिजे.

बंबाची रचना सोपी आहे. मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा, आणि नळीभोवती पाणी. जळण वरून नळीत टाकतात. हवा खालून जाळीतून शिरते व धूर वर निघून जातो. पुष्कळ बंबांत नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाते, व तितकेच ऊन पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. असा बंब सदैव भरलेला राहतो. ज्यांची तोटी खाली असते, ते मात्र सहज रिकामे होतात, व तेथेच घात होतो. पाणी भोवती आहे तोवर तांब्याचा पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी संपले की तो भराभर तापतो व सांध्यांची डाख वितळते. म्हणून आधी पाणी, मग काडी. आणि शेवटची बादली काढण्यापूर्वी आग विझलेली असावी. बंबाचे तोंड घट्ट बंद करून वाफ कोंडू नये, हे निराळे सांगावयास नको.

आता सरपणाचा हिशेब पाहू. पाच माणसांच्या घरी रोज शंभर लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाचे तर ३,००० किलोकॅलरी उष्णता लागते. हवेत नीट वाळलेले एक किलो लाकूड सुमारे ३,५०० किलोकॅलरी देते. त्यातील निम्मी पाण्यास लागली असे धरले, तरी पावणेदोन किलो लाकडात काम भागते. उलट ताज्या तोडीच्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणीच असते. ते पाणी आटविण्यात उष्णता खर्च होऊन किलोमागे १,९०० किलोकॅलरीच्या आसपासच हाती येते. शिवाय आग थंड राहते, धूर होतो आणि नळीत काजळी धरते. म्हणजे ओले लाकूड जाळणारा दुप्पट सरपण जाळून वर धूर विकत घेतो. म्हणून बाभूळ उन्हाळ्याआधी तोडून, फोडून, दगडांवर आडवी रचावी व पावसाळ्यात वरून छप्पर करावे. टोकांस चिरा पडल्या व दोन ढलप्या एकमेकींवर आपटता ठणठणीत आवाज आला, म्हणजे लाकूड वाळले असे समजावे. नळी तोंडापर्यंत ठासून भरू नये; थोडे थोडे जळण टाकावे व राखेची जागा मोकळी ठेवावी.

पऱ्हाटीविषयी स्वतंत्र लिहिणे अवश्य आहे. कारण येथे बंबाचा संबंध पुढील वर्षाच्या पिकाशी येतो. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे किती नुकसान केले, ते सांगण्यास नको. ही अळी अर्धवट उमललेल्या बोंडांत व सरकीत सुप्त राहून उन्हाळा काढते, आणि नव्या कपाशीस पात्या येण्याच्या सुमारास तिचे पतंग बाहेर पडतात. आपण मात्र बोंडांसकट पऱ्हाटी उपटून, बंबाला होईल म्हणून कोठ्यामागे किंवा धुऱ्यावर गंजी रचतो आणि पुढील दिवाळीपर्यंत ठेवितो. म्हणजे शत्रूला आपणच घर बांधून देतो. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्था पीक वेळेवर संपविण्याचा व पऱ्हाट्या शेताजवळ साठवून न ठेवण्याचा उपदेश वारंवार करीत आली आहे. तेव्हा वेचणी संपताच शेतात शेळ्यामेंढ्या चारून घ्याव्या, उरलेली बोंडे तोडून जाळून टाकावी, पऱ्हाटीचे तुकडे उन्हात वाळवावे व ते त्याच हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या आरंभी संपवावे. पुढील हिवाळ्यासाठी साठा करावयाचा तो बाभळीचा व तुऱ्हाट्यांचा, पऱ्हाटीचा नव्हे.

निगेची कामे थोडी आहेत. रोज पेटविण्यापूर्वी राख काढावी. आठ दिवसांनी काठीस काथ्या बांधून नळीतील काजळी खरडावी. काजळी उष्णतेस अडविते, व तीच जाड झाली म्हणजे नळीची वाट अरुंद होऊन हवा कोंडते. विहिरीचे पाणी जड असल्यास आत पांढरी खवली बसते व पाणी तापण्यास वेळ लागू लागतो. अशा वेळी पाण्यात थोडे लिंबूसत्त्व विरघळवून, ते कोमट करून काही तास बंबात ठेवावे व मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. पावसाळ्यापूर्वी तांबटाकडून सांधे व तोटी तपासून घ्यावी आणि बंब कोरडा करून पालथा ठेवावा.

राख वरून थंड दिसली तरी तिच्यात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ कदापि टाकू नये. बंबही गंजी व कापसाच्या कोठीपासून दूर, वाऱ्याचा झोत तिकडे जाणार नाही अशा जागी असावा. राखेत पालाश असते हे खरे; परंतु ती क्षारधर्मी असल्यामुळे ताज्या शेणखतात किंवा युरियात मिसळल्यास नत्र उडून जातो. आपली काळी जमीन बहुधा आधीच त्याच गुणाची असते, म्हणून संत्र्याच्या आळ्यात राखेचे ढीग ओतण्यात लाभ नाही.

सूनबाईंची प्रकृती पुढे पूर्ववत झाली. बंब पुन्हा अंगणात आपल्या जागी गेला. आता तीन बाजूंनी उघडी अशी लहानशी पडवी आम्ही त्यावर घातली आहे, म्हणजे पहाटे दव अंगावर पडत नाही. खर्च चार पत्रे व चार बल्ल्या यांचा. तेवढी बुद्धी आधी सुचली असती तर बरे झाले असते. वाचकांस ती आमच्या चुकीवाचून सुचावी, एवढ्यासाठीच हा लेख.