एक डिश, तीन मजले आणि वाटणीचा प्रश्न

आम्ही कापडाचे व्यापारी. वायरी-तारांत आमचे काही काम नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या घरात टीव्हीवरून जे झाले, ते अनेक एकत्र कुटुंबांत होत असणार. शिवाय यात आपल्या तरुण कारागिरांसाठी रोजीही आहे, म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

भिवंडीत आमच्या लहानपणी गच्चीवर ॲल्युमिनियमचा अँटेना असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आमच्या मोहल्ल्यात टीव्ही आला तो १९८२ च्या एशियाडच्या सुमारास. एक अँटेना, एक चपटी वायर, एक टीव्ही, आणि सारा मोहल्ला एकाच खोलीत. वाटणीचा प्रश्नच नव्हता. १९९१-९२ नंतर केबलवाला आला, त्याने या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकल्या. वाटणी त्याची, महिन्याचे पैसे आपले.

२०१९ मध्ये आम्ही घर नव्याने बांधले. तळमजल्यावर अम्मी, वर भाईजान, त्यावर आम्ही. तीन टीव्ही, तीन सेट-टॉप बॉक्स, गच्चीवर डिश एकच. बसवणाऱ्याने डिशची एक वायर खाली आणली, तिला चार तोंडांचा स्प्लिटर लावला, पैसे घेतले आणि निघून गेला.

अम्मींना चालता येत नाही. दिवसभर त्यांची सोबत म्हणजे डीडी उर्दू, जे २००६ साली सुरू झाले. पण वरच्या मजल्यावर कोणी चॅनल बदलले की अम्मींचा पडदा काळा! थोड्या वेळाने आपोआप परत येई. अम्मी म्हणत, वरचे मुद्दाम करतात. भाभींना याचे वाईट वाटले. गोष्ट इतकी वाढली की भाईजान म्हणाले, प्रत्येकाने आपापली डिश लावा आणि विजेचे मीटरही वेगळे करा. एका टीव्हीवरून घर फुटायची वेळ आली होती.

शेवटी मोहल्ल्यातील एका मुलाला बोलावले. त्याच्या वडिलांचे पॉवरलूम भंगारात गेले, तेव्हापासून तो हे काम शिकला. पाच मिनिटे पाहून म्हणाला, "चाचा, अम्मींचे चॅनल तेरा व्होल्टवर आहे आणि वरच्यांचे अठरावर. एका वायरीत दोन्ही कसे चालतील?"

आम्ही त्याला बसवून चहा पाजला आणि नीट विचारून घेतले. डिशच्या तोंडाशी जो डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. आकाशातून लहरी दोन प्रकारे येतात, उभ्या आणि आडव्या. उभ्या हव्या असतील तर सेट-टॉप बॉक्स त्याच वायरीतून १३ व्होल्ट वर पाठवतो, आडव्या हव्या असतील तर १८. त्याशिवाय वरचा पट्टा हवा असेल तर २२ किलोहर्ट्झचा एक इशाराही जातो. म्हणजे वायरीतून माल खाली येतो, पण ऑर्डर वर जाते! एका वेळी एकच ऑर्डर चालते, आणि १३ व १८ एकत्र आले की जोर अठराचा. अम्मींचे चॅनल उभ्या लहरींवर होते. त्या हरणारच.

जुन्या अँटेनाला ही भानगड नव्हती. तिथे ऑर्डर नव्हती, नुसता माल वाटायचा. घट मात्र तिथेही होती. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात, म्हणजे प्रत्येकाला निम्म्याहून कमी. चार तोंडांचा लावला तर सात डेसिबल, प्रत्येकाच्या हाती सुमारे पाचवा हिस्सा. पूर्वी याने चित्रावर मुंग्या येत. आता डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम तुटते. म्हणूनच कोरड्या दिवसात चाललेली जोडणी जुलैच्या पावसात दगा देते.

उपाय साधा निघाला. एलएनबी बदलून चार आउटपुटचा लावला. त्यात प्रत्येक तोंड स्वतंत्र, प्रत्येकाची ऑर्डर वेगळी. मात्र प्रत्येक टीव्हीला गच्चीपासून स्वतःची वायर हवी, मध्ये स्प्लिटर नको. आठ-दहा बिऱ्हाडांची इमारत असेल तर क्वाट्रो एलएनबी आणि मल्टिस्विच लागतो. चार वायरी वरून खाली, पुढे स्विचमधून प्रत्येक घराला एक. एकाच वायरीवर अनेक बॉक्स चालवण्याची पद्धतही आहे, पण तिला त्या जातीचे बॉक्स हवेत. आधी विचारून घ्यावे. मोफत फ्री डिशसाठी डिश वेगळी लागते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, आपल्या भागातून आग्नेय दिशेला दिसतो.

वायरीबद्दल आम्ही जास्त लिहिणार, कारण फसवणूक इथेच होते. आरजी-६ घ्यावी, आरजी-५९ नको. सुताच्या काउंटसारखे इथेही आकडा मोठा तर तार बारीक, असे आम्ही समजलो होतो. पण आरजी-११ सहापेक्षाही जाड निघाली, तेव्हा आकड्यावर भरवसा नको. आतल्या तारेला चुंबक लावून पाहावे. चिकटली तर आत लोखंड, वर तांब्याचा मुलामा. सिग्नल तारेच्या वरवरच्या थरातूनच जातो, त्याला मुलामा पुरतो. पण एलएनबीची वीज साऱ्या तारेतून जाते, आणि लांब अंतरावर व्होल्ट पडतात. अठरा पाठवले, पोहोचले कमी, मग आडव्या लहरींची चॅनले गायब. लोक डिशला दोष देतात.

गच्चीवरच्या जोडाला रबरी टोपी आणि टेप हवाच, नाहीतर पाणी आत उतरते. वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून टपकते. सिग्नल कमी म्हणून टीव्हीजवळ बूस्टर लावणे हा पैसा वाया घालवणे आहे. तिथपर्यंत आलेला कचराही तो तितकाच वाढवतो. लावायचाच तर वर, डिशजवळ.

त्या मुलाने मजुरी मागताना संकोच केला. ही सवय आपल्या कारागिरांनी सोडावी. वायर मोजून, पॉइंटप्रमाणे दर सांगून, कागदावर लिहून द्यावे. आता पुष्कळ घरांत इंटरनेटवरून टीव्ही चालतो, हे काम कमी होईल हे खरे. पण इंटरनेटची वायरही कोणाला तरी भिंतीतून ओढावीच लागते, आणि हात तोच लागतो.

अम्मींचा टीव्ही त्या दिवसापासून बंद पडलेला नाही. विजेचे मीटर अजून एकच आहे. एलएनबीच्या चौथ्या तोंडाला सध्या रबरी टोपी आहे. धाकट्याची खोली बांधून झाली की ती निघेल.