उन्हाने रापलेली त्वचा आणि लेसरचा उपाय
बेंबळीच्या शिवारात खुरपणाऱ्या बायांचे चेहरे पाहिले, की पदराखालचे कपाळ उजळ आणि गाल रापलेले दिसतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेतले कोलॅजेनचे तंतू तुटत जातात. सुरकुत्या आणि वांग त्याच उन्हाची देणगी.

हा खराब झालेला थर काढणारे एक साधन शोधले ते बारामतीत १९३८ साली जन्मलेल्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. त्याचा किरण त्वचेतले पाणी शोषून घेते. वरचा थर वाफ होऊन जातो आणि खाली पोचलेल्या उष्णतेमुळे नवे कोलॅजेन तयार होते. २००४ साली मांडलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरण सूक्ष्म ठिपक्यांतच पडतो, मधली त्वचा शाबूत राहते, त्यामुळे जखम लवकर भरते.

अडचण आपल्या वर्णाची आहे. सावळ्या त्वचेतील रंगपेशी भाजल्यावर जास्त मेलॅनिन बनवतात. डाग घालवायला गेलेला चेहरा आणखी काळवंडू शकतो. शिवाय उपचारानंतर काही आठवडे ऊन टाळावे लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ते कसे जमावे? तिच्यासाठी आधी गाल झाकणारा रुमाल आणि दुपारची सावली, लेसरचा विचार त्यानंतर.