विशाल चलच्चित्रातील अंशग्रहण

सूर्यबिंबाच्या अखंड निरीक्षणासाठी 'नासा' ह्या अमेरिकन संस्थेने ११ फेब्रुवारी २०१० रोजी 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी' नावाचा उपग्रह अवकाशात सोडला. त्यावरील दुर्बिणींचा एक संच संपूर्ण सूर्यबिंबाची चित्रे घेतो. अतिनील प्रकाशाच्या सात तरंगलांबींत तर सामान्यतः दर १२ सेकंदांस एक. प्रत्येक चित्रात ४,०९६ ओळी व प्रत्येक ओळीत तितकेच बिंदू, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख बिंदू असतात. ही चित्रे क्रमाने मांडली की सूर्याचे चलच्चित्रच तयार होते.

अभ्यासकास मात्र बहुधा सगळा सूर्य नको असतो. एखाद्या डागांच्या समूहावर ज्वाला कशी उसळली, एवढेच त्यास पाहावयाचे असते. ५०० बिंदू लांब व तितकाच रुंद असा चौकोन त्यास पुरतो. तो सबंध चित्राचा सदुसष्टावा भागही नव्हे. तेव्हा एवढ्याशा भागासाठी संपूर्ण चित्रमालिका तारेवरून ओढून आणावी काय, आणि न आणता हवा तेवढाच अंश उचलता येईल काय, असा हा प्रश्न आहे. ह्या क्रियेस आम्ही येथे अंशग्रहण म्हणू.

चित्र जसेच्या तसे, बिंदूमागून बिंदू असे लिहून ठेवलेले असते, तर प्रश्नच उद्भवला नसता. कितव्या ओळीतील कितवा बिंदू हे कळले की त्याची जागा साध्या गुणाकाराने काढता येते. परंतु अशी चित्रे साठविणे परवडत नाही. म्हणून त्यांचा संक्षेप करावा लागतो, आणि सारी अडचण ह्या संक्षेपाच्या स्वभावातच आहे.

संक्षेप म्हणजे काय, हे व्याकरण शिकविणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एकदा आलेले पद पुढील सूत्रांत पुन्हा उच्चारीत नाहीत. ते अनुवृत्तीने आले असे समजावयाचे असते. त्यामुळे ग्रंथ मुखोद्गत करण्याजोगा आटोपशीर झाला. परंतु मधलेच एक सूत्र उचलून वाचू लागल्यास अर्थ लागत नाही, मागे जावे लागते. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत सूत्रांचा क्रम विषयवार लावला, तेव्हा सूत्रांचा मूळ शेजार सुटला, आणि मागून येणारी पदे वृत्तीत स्पष्टपणे भरावी लागली. विस्तार वाढला, पण हवे ते प्रकरण उघडून बसण्याची सोय झाली.

चलच्चित्राच्या संक्षेपातही अशीच अनुवृत्ती चालते, आणि ती दुहेरी असते. एक अनुवृत्ती काळाची. काही चौकटी स्वयंपूर्ण लिहितात. त्यांच्या मागून येणाऱ्या चौकटींत केवळ 'मागील चौकटीतील अमुक तुकडा इतका सरकला व त्यात इतका फरक पडला' एवढीच नोंद असते. दुसरी अनुवृत्ती स्थळाची. एकाच चौकटीतील तुकडा शेजारच्या तुकड्यावरून अनुमानिलेला असतो. शिवाय संकेतांची लांबी कमीअधिक असल्यामुळे हजारावा संकेत कोठे सुरू होतो, हे आधीचे नऊशे नव्व्याण्णव उलगडल्यावाचून सहसा कळत नाही.

ह्या दोन अनुवृत्ती एकत्र आल्या की लहानशा चौकोनाचे काय होते पाहा. स्वयंपूर्ण चौकटीपासून चाळिसाव्या चौकटीतील आपला चौकोन उलगडावयाचा आहे. त्याच्या कडेचे तुकडे एकोणचाळिसाव्या चौकटीत चौकोनाबाहेरून आलेले असतात, म्हणून तेथे थोडा मोठा चौकोन लागतो. अडतिसाव्या चौकटीत त्याहून मोठा. मागे जाता जाता एका डागासाठी निम्मा सूर्य उलगडण्याची वेळ येते.

ह्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ठरावीक जागी अनुवृत्ती तोडणे. २०१३ साली मान्य झालेल्या 'एचईव्हीसी' ह्या पद्धतीत चौकट आयताकार फरश्यांत विभागता येते. एका फरशीचे अनुमान त्याच चौकटीतील दुसऱ्या फरशीवर विसंबत नाही, आणि संकेतांची मोजणीही प्रत्येक फरशीशी नव्याने सुरू होते. तथापि काळाची अनुवृत्ती फरशीची सीमा ओलांडू शकते. तिला आवर घालावयाचा तर संक्षेप करतेवेळीच निराळे बंधन पाळावे लागते. २०२० च्या 'व्हीव्हीसी' पद्धतीत उपचित्रांची तरतूद करून हे बंधन मूळ नियमांतच आणले आहे. फरश्या लहान केल्या तर सीमा वाढतात व संक्षेप ढिला पडतो. मोठ्या केल्या तर नको असलेला भाग बरोबर ओढला जातो. ह्या दोहोंतून सुटका नाही.

सूर्यचित्रांसाठी युरोपीय अवकाश संस्था व नासा ह्यांच्या 'हेलिओव्ह्यूअर' प्रकल्पाने निराळी वाट धरली, आणि आमच्या मते ह्या कामापुरती तीच अधिक योग्य होय. तेथे 'जेपेग २०००' ही पद्धत वापरली आहे. तीत प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असते. काळाची अनुवृत्ती मुळीच नाही. चौकटीचे तरंगिका नावाच्या गणिती साधनाने पृथक्करण करतात, त्यामुळे प्रथम लहानसे ढोबळ चित्र, मग दुप्पट लांबीरुंदीसाठी लागणारा तपशील, मग त्याच्या दुपटीसाठीचा, अशा पायऱ्या पडतात. प्रत्येक पायरीचे लहान लहान खंड पाडून प्रत्येक खंड स्वतंत्रपणे लिहितात. चौसष्ट बिंदूंचा चौरस खंड हा नेहमीचा. मागणी करणारा सांगतो, की अमुक पायरीपर्यंतचा अमुक चौकोन हवा. देणारे यंत्र त्या चौकोनास लागणारे व कडेचे थोडेसे अधिक खंड पाठविते; पूर्वी काय पाठविले ह्याचीही ते आठवण ठेवते, म्हणून चौकोन किंचित सरकविल्यास फक्त नव्याने उघडलेली पट्टीच येते.

किंमत द्यावी लागतेच. दर १२ सेकंदांनी सूर्य फारसा पालटत नाही, आणि हे साम्य येथे वाया जाते. कोठारात जागा अधिक लागते. परंतु कोठार एकच असते व मागणारे अनेक, म्हणून तारेवरून जाणारा भार हलका होणे अधिक मोलाचे. चित्रपटगृहांसाठी २००५ साली ठरविलेल्या अंकीय मानकातही हीच पद्धत व हीच स्वयंपूर्ण चौकट आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

भारताच्या 'आदित्य एल-१' ह्या यानाचे उड्डाण २ सप्टेंबर २०२३ रोजी झाले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली 'सूट' ही दुर्बीण त्यावर आहे. ते यान पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावर आहे. तेथून पाठवावयाच्या माहितीस मर्यादा असल्यामुळे संपूर्ण बिंबाच्या चित्रांबरोबर निवडक भागाचीच चित्रे वरचेवर घेण्याची, आणि ज्वाला यानावरच ओळखून त्या भागाकडे वळण्याची योजना तीत केली आहे. हेही अंशग्रहण, पण उगमापाशी केलेले. जे वेचले नाही ते कोणत्याच कोठारात नसते. आणि संशोधनात बहुधा असे घडते, की ज्वालेच्या आदल्या दिवशी त्या जागी काय चालले होते, हा प्रश्न ज्वाला होऊन गेल्यावरच सुचतो.

अशा वेळी संपूर्ण बिंबाचे जुने कोठार उपयोगी पडते. मात्र मागितलेला चौकोन एका जागी ठेवून चालत नाही. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्याजवळचा डाग 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी'च्या चित्रात एका दिवसात साडेतीनशेहून अधिक बिंदू सरकतो. मोठ्या फरश्यांच्या मांडणीत तो ह्या प्रवासात एका फरशीतून दुसरीत जातो, आणि सीमेवर असेतोवर दोन्ही फरश्या आणाव्या लागतात. चौसष्ट बिंदूंच्या खंडांत मात्र त्याच्या मागे मागे जाताना एका बाजूचे काही खंड सोडावयाचे व दुसऱ्या बाजूचे तितकेच घ्यावयाचे, एवढेच काम उरते.