यकृतपेशींचा बंदोबस्त
यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या खाणींतून निघणाऱ्या कोळशात अंशमात्र असणारे कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू धुळीवाटे वा अन्नपाण्यातून देहात शिरले, की रक्तमार्गे यकृतात येतात; तेथे ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त संयुग त्यांना प्रथम अडविते, आणि धातूची चाहूल लागताच पेशीकेंद्रातील जनुके जागृत होऊन जे मेटॅलोथायोनीन सिद्ध होते, त्या सुमारे 60 अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनातील 20 सिस्टीन घटक कॅडमियमचे 7 आयन गंधकबंधांत जखडून टाकतात. 1957 साली घोड्याच्या मूत्रपिंडातून प्रथम हाती आलेल्या या प्रथिनाची तजवीज विलक्षण खरी; परंतु बंदिस्त कॅडमियम शरीराबाहेर फारसे पडत नाही, हळूहळू मूत्रपिंडाकडे रवाना होऊन तेथे वर्षानुवर्षे साठून त्यास इजा करते व प्रथिने मूत्रात झिरपू लागतात, म्हणून खाणकामगाराची प्रकृती तपासताना मूत्रातील प्रथिनांचीही चौकशी आम्हांस अगत्याची वाटते.