असाध्य कुलज व्याधी आणि जनुकसंपादन

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या चिकित्सेत एक कठोर विधान करून ठेवले आहे. माता-पित्यांच्या बीजदोषातून आलेला प्रमेह असाध्य होय. इतकेच नव्हे, तर कुळात चालत आलेले जे जे विकार आहेत, ते सर्व असाध्य समजावेत, असा त्याचा आशय आहे. हे विधान आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पुढे व्यवसायात त्याचा अनुभवही घेतला. सुश्रुताचार्यांनीही आदिबलप्रवृत्त व्याधींचा स्वतंत्र वर्ग करून त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद सांगितले आहेत. वर्गीकरण उत्तम झाले. परंतु बीजातील दोष काढून टाकण्याचा उपाय मात्र कोणत्याच शास्त्राला साधला नव्हता. गेल्या काही वर्षांत या असाध्यतेला प्रथमच गंभीर आव्हान मिळाले आहे. त्या आव्हानाचे नाव जनुकसंपादन. त्याचा विचार आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी का करावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय दूरदेशीचा राहिलेला नाही. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय विज्ञान राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी दिल्लीत ‘बिरसा १०१’ या सिकलसेल आजारावरील स्वदेशी जनुकचिकित्सेची घोषणा केली. भगवान बिरसा मुंडा यांच्या १५०व्या जयंतीच्या निमित्ताने तिला हे नाव देण्यात आले. तंत्र विकसित केले ते दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी या संस्थेने, आणि ते हस्तांतरित झाले पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. ही दिल्लीची संस्था आपल्याला अपरिचित नसावी. वात-पित्त-कफ प्रकृती आणि जनुकांचे कार्य यांचा संबंध तपासणारे संशोधन याच संस्थेतील डॉ. मिताली मुखर्जी व वैद्य भावना पराशर यांनी २००८ साली प्रसिद्ध केले होते आणि ‘आयुर्जिनोमिक्स’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. मात्र घोषणा झाली म्हणजे औषध दुकानात आले असा अर्थ कोणी घेऊ नये. मानवी चाचण्यांचा मार्ग लांबचा असतो.

सिकलसेल आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. १९५२ मध्ये निलगिरीत या दोषाची भारतातील पहिली नोंद झाली आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी नागपूर परिसरातील रुग्णांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार हे त्याचे मुख्य पट्टे. आपला धाराशिव जिल्हा त्या पट्ट्यात मोडत नाही, हे खरे. परंतु नोकरी, बदली, मजुरी आणि लग्नसंबंध यांमुळे रक्त कोणत्याही जिल्ह्याची सीमा पाळत नाही. शिवाय त्याच जनुकाच्या दोषातून होणारा थॅलेसेमिया सर्वत्र आढळतो. ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांतील कित्येक कुटुंबे रक्त चढविण्यासाठी दर काही आठवड्यांनी सोलापूर वा लातूरची वाट धरतात.

दोष किती सूक्ष्म असावा! हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते. त्यामुळे बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून ताठ होते, रक्तकण विळ्यासारखे वाकतात, सूक्ष्म स्रोतसे अडवितात आणि रुग्ण हाडे फोडणाऱ्या वेदनांनी तळमळतो. स्रोतोरोध आणि शूल यांचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

जनुकसंपादनाचे शस्त्र मुळात जिवाणूंचे आहे. विषाणूशी लढताना जिवाणू त्याच्या जनुकाचा तुकडा आठवणीसाठी जपून ठेवतात आणि पुढच्या हल्ल्याच्या वेळी तो तुकडा ओळखून विषाणूचा धागा कापतात. एमान्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये या यंत्रणेला हव्या त्या ठिकाणी कापणारी कात्री बनविता येते हे दाखविले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. हीच ती ‘क्रिस्पर’ पद्धती.

या पद्धतीवर आधारलेल्या ‘कॅसगेव्ही’ या पहिल्या चिकित्सेस नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तिचा क्रम वैद्यांनी समजून घेण्याजोगा आहे. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांतील बीसीएल११ए या जनुकाचे नियंत्रण कापून टाकतात. जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद पाडणारे हे जनुक शिथिल झाले की ते जुने, निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. दोषाला हात न लावता गर्भातील शक्ती जागी करण्याची ही युक्ती आम्हाला फार मोलाची वाटते. त्यानंतर तीव्र रासायनिक औषध देऊन रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि संपादित पेशी परत शरीरात सोडतात. शोधनावाचून रसायन नाही, हे आपले तत्त्व येथे फार उग्र रूपात दिसते. हा मज्जाशोधनाचा टप्पा जिवावर बेतू शकतो. त्या काळात रुग्णाची प्रतिकारशक्ती शून्यवत होते आणि पुढे वंध्यत्वाचा धोका राहतो. शिवाय अमेरिकेत या चिकित्सेची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये होती. स्वदेशी प्रयत्नाचे महत्त्व या एका आकड्यावरून लक्षात यावे.

२०२५ च्या आरंभी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे काही महिन्यांच्या एका बालकासाठी, केवळ त्याच्याच जनुकातील चूक दुरुस्त करणारे औषध तयार करून देण्यात आले. त्याच्या यकृतात अमोनियाचा निचरा होत नव्हता. एका रुग्णासाठी एक औषध, हे ऐकून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करणाऱ्या आपल्या परंपरेला आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे.

मात्र आनंदाच्या भरात काही वैद्यमित्र लगेच समीकरणे मांडू लागतात. चरकाने शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असा विचार केला आहे. ज्या अवयवाचा बीजभाग दूषित, त्या अवयवाची विकृती, आणि तो दूषित नसेल तर विकृती नाही, म्हणून अंधाचे अपत्य अंधच होते असे नाही, ही त्याची मीमांसा थक्क करणारी आहे. पण म्हणून बीजभागावयव म्हणजेच जनुक, आणि आमच्या ऋषींना क्रिस्पर ठाऊक होते, असे लिहिणे हा ग्रंथाचाही अपमान आणि विज्ञानाचाही. आचार्यांनी प्रश्न अचूक विचारला, हेच त्यांचे मोठेपण आहे.

खरा भेद मात्र त्यांच्याच परिभाषेत उत्तम सांगता येतो. धातूवर केलेली चिकित्सा वेगळी आणि बीजावर केलेली वेगळी. वर सांगितलेल्या चिकित्सेत रक्त व मज्जा बदलतात, बीज बदलत नाही. म्हणून असा रुग्ण स्वतः बरा झाला, तरी त्याच्याकडून अपत्याकडे सदोष जनुक जाणारच. हे रुग्णाला व नातेवाइकांना कोणी समजावून सांगितले नाही, तर ‘रोग मुळासकट गेला’ असे समजून पुढची पिढी फसेल.

बीजावर हात घालण्याचा प्रयत्न झालेला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई या संशोधकाने भ्रूणावस्थेत जनुक बदलून जुळ्या मुलींना जन्म दिल्याचे जाहीर केले. पिता एचआयव्हीबाधित होता, म्हणून संसर्गाचे द्वार ठरणारे सीसीआर५ जनुक निकामी करण्याचा हा खटाटोप. वस्तुतः शुक्र धुऊन गर्भधारणा घडविण्याची सुरक्षित पद्धत उपलब्ध असताना त्याची गरजच नव्हती. झालेले बदलही अपेक्षेबरहुकूम नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींच्या शरीरातील बदल मात्र कोणत्याही न्यायालयाला मागे घेता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतात बीजावरील जनुकचिकित्सेस मनाई केली आहे, ती योग्यच आहे. कात्री चुकीच्या जागी लागली, तर एका रुग्णाचे नुकसान होते. बीजात लागली, तर वंशाचे होते. आणि दोष तरी कोणाला म्हणायचे? सिकलसेलचे एकच जनुक वारसाने मिळालेल्या माणसाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. जंगलात जे कवच, तेच दुहेरी झाले की घात.

आमची मुख्य चिंता मात्र प्रयोगशाळेची नाही. ती आपल्या समाजाच्या इच्छेची आहे. गर्भजलपरीक्षा व सोनोग्राफी ही साधने रोगनिदानासाठी आली आणि मराठवाड्याने त्यांचे काय केले, हे वेगळे सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे हजार मुलांमागील प्रमाण २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरले. पुंसवनाच्या नावाखाली ‘मुलगाच होईल’ असे सांगून पुड्या देणारे आपल्याच व्यवसायातील होते आणि त्या विकणारी दुकानेही आपलीच. ज्या समाजाने एवढ्या साधनांवर हे केले, त्याच्या हाती गोरा रंग, उंची, बुद्धी निवडण्याचे आमिष आले तर काय होईल? हे गुण एका जनुकावर ठरत नाहीत, त्यामुळे असा सौदा आज खोटाच आहे. पण खोट्या सौद्यालाही गिऱ्हाईक असते, आणि ते प्रथम आपल्याच पायरीवर येते.

‘डीएनए दुरुस्त करणारे’ रसायन, ‘जनुकशुद्धी’ करणारा कल्प अशा शब्दांची पत्रके औषध दुकानांच्या काउंटरवर दिसू लागली आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांत आनुवंशिक विकार आणि गर्भाचे लिंग बदलणे या दोहोंचाही समावेश आहे. ती अनुसूची आयुर्वेदीय औषधांना कितपत लागू, हा वाद वकिलांनी घालावा. आपण असे पत्रक काउंटरवरून काढून टाकावे, त्याला वकील लागत नाही.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून टिकून आहे. चरकाच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाची सुरुवात भिन्न गोत्राच्या विवाहाने होते. मामाची मुलगी गोत्राने भिन्नच असते, म्हणून घरातील वडीलधारी निश्चिंत असतात. पण आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात, हे गोत्र सांगत नाही. उभयता वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक अपत्य बाधित होण्याचा संभव असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरविले आहे, ते याच कारणाने. पत्रिका पाहण्याआधी एचपीएलसी नावाची रक्ततपासणी पाहा, हे सांगण्याचा अधिकार गावात वैद्याला जितका आहे, तितका दुसऱ्या कोणालाही नाही.

आणि जे रुग्ण आज आहेत, त्यांना नवी चिकित्सा येईपर्यंत सुस्थितीत ठेवणे आपल्या हातात आहे. सिकलसेलच्या रुग्णाला तीक्ष्ण वमन-विरेचन देऊ नये. शरीरातील द्रव घटला की रक्तकण वाकतात आणि वेदनेचा झटका येतो. ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे दिसताच वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया आपल्या सल्ल्याने बंद होता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे लोहकल्पांविषयी. फिकट मूल दिसले की पांडू समजून पुनर्नवामंडूर, नवायस लोह वा लोहभस्म सुरू होते, आणि दुकानातूनही ते चिठ्ठीवाचून दिले जाते. ज्या मुलाला वारंवार रक्त चढते, त्याच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. आपण दिलेले लोह यकृत व हृदयात आणखी साचते. जनुकचिकित्सेचा दिवस उजाडेल तेव्हा ज्याचे यकृत धड असेल, त्यालाच तिचा लाभ मिळेल. म्हणून वयाने लहान, वर्ण पिवळट-फिकट, प्लीहा वाढलेली आणि महिनाभर लोहकल्प घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणारा रुग्ण दिसला, तर दुसरी बाटली देण्याआधी एचपीएलसीचा अहवाल मागावा.