मनाचे डॉक्टर होण्यापूर्वी शरीराची ओळख

सन २००९. न्यूयॉर्कमधील एका दैनिकात काम करणारी सुझॅना कॅहालन ही चोवीस वर्षांची पत्रकार अचानक विचित्र वागू लागली. आधी संशय आणि भ्रम, मग झटके. आरंभी कोणाला तो मद्याचा परिणाम वाटला, तर कोणाला मनोविकार. अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितले. तिने सारे आकडे उजव्याच अर्ध्या भागात दाटीवाटीने लिहिले. मेंदूच्या उजव्या बाजूला सूज असल्याची ती खूण होती. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्याने होणारा हा विकार; त्याला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले तेच मुळी २००७ मध्ये. योग्य उपचारांनी ती बरी झाली आणि २०१२ मध्ये ‘ब्रेन ऑन फायर’ या पुस्तकात तिने आपली हकिकत सांगितली.

मनोविकारतज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी काय शिकावे, या प्रश्नाशी या घटनेचा निकटचा संबंध आहे. तेथील चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणात शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूतिशास्त्र आदी मुख्य विषयांची पोस्टिंग सक्तीची असतात. ती बहुतांशी तिसऱ्या वर्षी उरकतात. चौथ्या वर्षी मात्र बरीच मोकळीक मिळते. साधारणपणे चार-चार आठवड्यांची ही ऐच्छिक पोस्टिंग, म्हणजे ‘इलेक्टिव्ह’, विद्यार्थी आपल्या आवडीने निवडतो. वाट ठरली असेल तर सारी पोस्टिंग मनोविकार विभागातच घ्यावीत, असा मोह स्वाभाविक आहे. पण अनुभवी शिक्षक बहुधा याच्या उलट सल्ला देतात.

त्यामागचा हिशेब सरळ आहे. मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी चार वर्षांची असते. मनोरुग्णांचे वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, मुलांचे व वृद्धांचे मनोविकार, व्यसनमुक्ती हे सारे तीत येणारच असते. सामान्य वैद्यकासाठी मात्र त्यात किमान चार महिने आणि मेंदू-मज्जाविकारांसाठी किमान दोन महिने, एवढीच सक्ती आहे. त्यामुळे शरीराचे इतर विकार जवळून पाहण्याची मोकळी संधी या चौथ्या वर्षानंतर फारशी मिळत नाही.

आणि त्यांची गरज तर रोज भासते. थायरॉईडचा बिघाड नैराश्याचे रूप घेऊन येतो. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने स्मृती आणि वर्तन बिघडते. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गाने एखादे आजोबा एका रात्रीत भ्रमिष्टासारखे बोलू लागतात. औषधांचीही तीच गत आहे. लिथियम देताना मूत्रपिंड व थायरॉईडवर, तर क्लोझॅपिन देताना रक्तातील पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावे लागते. अनेक नव्या औषधांनी वजन आणि रक्तशर्करा वाढते. म्हणूनच न्यूरॉलॉजी, अंतःस्रावी ग्रंथींचे विकार, तातडीची सेवा आणि निद्राविकार ही पोस्टिंग उपयोगी ठरतात. असाध्य रुग्णांच्या शुश्रूषा विभागात मृत्यूविषयी रुग्णाशी आणि कुटुंबाशी कसे बोलावे, हे शिकता येते. पुढे तेच मनोविकारतज्ज्ञाचे रोजचे काम होते.

अर्थात मनोविकार विभाग टाळून चालत नाही. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरअखेर जातात. त्यांच्यासोबत त्या विषयातील प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. म्हणून उन्हाळ्यातच एक पोस्टिंग मनोविकार विभागात, तेही प्रत्यक्ष जबाबदारीचे घ्यावे. दुसरे घ्यायचे झाल्यास इतर विभागांतील रुग्णांना मानसोपचाराचा सल्ला देणाऱ्या पथकात घ्यावे. मन आणि शरीर यांची गाठ तेथेच दिसते. मुलाखतींचा हंगाम जानेवारीपर्यंत चालतो. त्या काळात हलके पोस्टिंग बरे. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो आणि बहुतेक ठिकाणी जुलैच्या आरंभी काम सुरू होते. मधले महिने सामान्य वैद्यकाला दिले, तर पहिल्या रात्रपाळीत हात थरथरत नाहीत.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. येथे एमडीचा प्रवेश ‘नीट-पीजी’च्या गुणक्रमावर ठरतो, विद्यार्थ्याने कोणते इलेक्टिव्ह केले, याचा तेथे विचार होत नाही. तथापि २०१९ मध्ये लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हना स्थान मिळाले आहे. निवडीसाठी नव्हे, तर रुग्णासाठी त्यांचा उपयोग करून घेणे विद्यार्थ्याच्या हाती आहे. अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील रुग्णालयांत प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याची इलेक्टिव्ह सामान्यतः विद्यार्थिदशेतच मिळतात. पदवी हाती पडल्यावर बहुधा केवळ निरीक्षकाची भूमिका उरते. तेव्हा चौकशी पदवीपूर्वीच, आणि तीही बरीच आधी, करावी लागते.

मनोविकाराचे निदान करताना पहिला प्रश्न असतो: याचे मूळ शरीरात तर नाही ना? तो विचारण्याची सवय ज्याला विद्यार्थिदशेतच लागली, त्याच्यापुढे एखादा रुग्ण वेडेवाकडे घड्याळ काढेल, तेव्हा त्या कागदाचा अर्थ त्याला वाचता येईल.